माणसाचा सौदा : जुना आणि नवा

(मंडळींतील अभ्यासवर्गासाठीं पाठ. वाचावयाचे भाग : उत्पत्ति ३७:१२-३६, आमोस २:६-८, फिलेमोनास पत्र.)

दास हा शब्द आमच्या वाचकांस परका नाहीं. पवित्र शास्त्रांत तो वारंवार येतो, आणि प्रार्थनेंत आपण स्वतःस देवाचे दास म्हणवितों. परंतु ज्याच्या देहावर, श्रमांवर व लेंकरांवर दुसऱ्या मनुष्याची सत्ता चालते तो दास, हा त्या शब्दाचा उघडा अर्थ बहुधा आपल्या ध्यानांत राहत नाहीं. बाजारांत गुरें उभीं करितात तशीं माणसें उभीं करून विकण्याची चाल पूर्वीं होती व ती सरकारांनीं बंद केली, एवढेंच पुष्कळांस ठाऊक असतें. ही समजूत अर्धीच खरी आहे. बाजार मोडला, सौदा मोडला नाहीं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें दुसऱ्या दोन संस्थांच्या साहाय्यानें २०२२ सालीं जो अंदाज प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें २०२१ सालीं कोणत्याही एका दिवशीं जगांत सुमारें ४ कोटि ९६ लक्ष माणसें दास्याच्या स्थितींत होतीं. त्यांपैकीं २ कोटि ७६ लक्षांकडून जबरीनें काम करून घेतलें जात होतें, व २ कोटि २० लक्षांचे विवाह त्यांच्या मर्जीविरुद्ध लावण्यांत आले होते. जबरीनें राबणाऱ्यांत ३३ लक्ष मुलें होतीं. जगांतील दर दीडशें माणसांमागें एक, असें हें प्रमाण पडतें.

इतका मोठा आंकडा ऐकून मन बधिर होतें. म्हणून आम्ही ह्या पाठांत तीनच गोष्टींचा विचार करणार आहों : जुना व्यापार कसा मोडला, नवा कसा चालतो, आणि खेड्यांतील लहान मंडळीनें त्याविरुद्ध काय करावें.

१. योसेफाच्या कथेंत काय आहे

योसेफाची कथा आपल्या मुलांस तोंडपाठ असते. पण ती एका विक्रीची हकीकत आहे ह्या दृष्टीनें ती पुन्हां वाचावी. तींत चार गोष्टी दिसून येतील. पहिली, योसेफास विकणारे परके नव्हते, त्याचे भाऊच होते. दुसरी, घेणाऱ्या व्यापाऱ्यांचें त्याच्याशीं कांहीं वैर नव्हतें. उंटांवर मसाले लादले होते, त्यांत आणखी एक माल, इतकेंच. तिसरी, किंमत ठरली : रुप्याचीं वीस नाणीं. चौथी, घरीं बापास खोटी हकीकत सांगितली गेली आणि पुराव्यादाखल रक्तांत बुडविलेला झगा दाखविण्यांत आला.

ओळखीचा मनुष्य, दूर नेणारा व्यापारी, ठरलेली रक्कम, आणि घरच्यांसाठीं रचलेलें खोटें : आजच्या कोणत्याही प्रकरणाचा तपास करा, ह्याच चार गोष्टी आढळतील. दलालाचें रूप भयंकर असतें असें समजून जो गांवाच्या वेशीवर पहारा करील, त्याच्या मागच्या दारानें चोर आंत येईल. कारण तो बहुधा आत्याबाईंच्या ओळखीचा, मागल्या वर्षीं शेजाऱ्याच्या मुलास कामाला लावणारा, गोड बोलणारा असाच असतो.

माणूस चोरून विकणाऱ्यास मोशेच्या नियमशास्त्रानें देहदंड सांगितला आहे (निर्गम २१:१६, अनुवाद २४:७). पौल अशा मनुष्यास घातकी व खोटी शपथ वाहणारे ह्यांच्या पंक्तीस बसवितो (१ तीमथ्य १:१०). आमोस संदेष्टा इस्राएलाचा जो पहिला अपराध मोजतो तो हाच, कीं त्यांनीं गरिबास एका जोड्याच्या किंमतीस विकलें.

येथें एक कटु गोष्ट लपवितां येत नाहीं. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या लोकांनींच शतकानुशतकें दास पाळले आणि त्यासाठीं शास्त्राचा आधार दाखविला. दासांनीं धन्याची आज्ञा पाळावी हें इफिसकरांस पत्रांतील वचन त्यांनीं मोठ्यानें वाचलें. त्याच अध्यायांत चार ओळींपुढें धन्यांस जी ताकीद आहे ती हळू वाचली. बार्बेडोस बेटांत कॉड्रिंग्टन नांवाचे उसाचे मळे होते. ते सुवार्ताप्रसाराचें काम करणाऱ्या एका इंग्रज सोसायटीस मृत्युपत्रानें मिळाले. तेथील दासांच्या छातीवर तापल्या लोखंडानें ‘सोसायटी’ हा शब्द डागण्यांत येत असे. हें आम्ही कोणास खिजविण्यासाठीं लिहीत नाहीं. ज्याच्या हातीं शास्त्र आहे त्याचा हातही ह्या पापांत बुडूं शकतो, एवढें आपण ओळखावें.

२. जुना व्यापार कसा मोडला

यूरोपियन व्यापाऱ्यांनीं सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारें सव्वा कोटि आफ्रिकन माणसें जहाजांत कोंबून अमेरिकेकडे नेलीं. त्यांपैकीं सुमारें १ कोटि ७ लक्ष जिवंत उतरलीं. बाकीचीं समुद्रांतच मेलीं. साखर, तंबाखू आणि कापूस ह्यांसाठीं हें सर्व चाललें.

१७८७ सालीं लंडन शहरांत बारा माणसांनीं एकत्र येऊन ह्या व्यापाराविरुद्ध एक कमिटी स्थापिली. त्यांतील नऊ जण क्वेकर पंथाचे होते. टॉमस क्लार्कसन ह्यांनीं बंदराबंदरांतून फिरून खलाशांच्या जबान्या घेतल्या, बेड्या व कुलुपें विकत घेऊन लोकांस दाखविलीं. स्वतः दास्य भोगून सुटलेले ओलौडाह इक्वियानो ह्यांनीं १७८९ सालीं आपलें चरित्र छापून गांवोगांव सभा घेतल्या. विल्यम विल्बरफोर्स ह्यांनीं पार्लमेंटांत ठराव आणला, तो हरला, पुन्हां आणला, पुन्हां हरला. इकडे १७९१ नंतर सामान्य लोकांनीं दासांच्या श्रमाची साखर खाण्याचें सोडलें. क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणें अशा लोकांची संख्या ३ लक्षांपर्यंत गेली. ज्यांस मत देण्याचा अधिकार नव्हता अशा स्त्रियांनीं आपल्या चहाच्या पेल्यांतून आपलें मत दिलें.

शेवटीं १८०७ सालीं ब्रिटिश कायद्यानें दासांचा व्यापार बंद झाला, आणि १८३३ च्या कायद्यानें वसाहतींतील सुमारें ८ लक्ष दासांस मुक्त करण्याचें ठरलें. परंतु त्या कायद्यांत एक गोष्ट अशी होती कीं ती आमच्या वाचकांनीं मनांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. सरकारनें धन्यांस नुकसानभरपाई म्हणून २ कोटि पौंड दिले. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या फुकट श्रम केले त्यांस एक पैही मिळाली नाहीं.

हिंदुस्थानांत १८४३ च्या पांचव्या ॲक्टानें दास्यास कायद्याचा आधार राहिला नाहीं, आणि १८६० च्या दंडसंहितेनें माणसांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. पण दुसऱ्या बाजूनें नवा फांस विणला जात होता. मॉरिशसमधील मळेवाल्यांचे दास सुटतांच त्यांच्या जागीं १८३४ पासून हिंदी मजूर कराराच्या कागदावर आंगठा घेऊन नेण्यांत आले. त्यांतच मुंबई इलाख्यांतून गेलेले मराठी मजूर होते. त्यांचे वंशज त्या बेटांत आजही आपणांस मराठी म्हणवितात. परत येण्याची वाट, मजुरीचा दर, शिक्षेचा अधिकार, सर्व धन्याच्या हातीं होतें. ही पद्धत मोडण्यास १९१७ साल उजाडावें लागलें. ह्यावरून शिकावयाचें तें हें, कीं कायदा झाला म्हणजे काम संपलें असें समजूं नये. लोभ नांव बदलून परत येतो.

३. नाशिकचें शरणपूर

ह्या इतिहासाचें एक पान आपल्या महाराष्ट्रांत लिहिलें गेलें आहे, आणि आमच्या तरुणांस तें ठाऊक असावें अशी आमची इच्छा आहे. अरबी समुद्रांत ब्रिटिश आरमार दास वाहणारीं गलबतें पकडीत असे. त्यांतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें मुंबईस आणण्यांत येत. नाशिकजवळ शरणपूर नांवाची ख्रिस्ती वसाहत रे. विल्यम प्राइस ह्यांनीं १८५४ च्या सुमारास वसविली होती. तेथें १८६० पासून ह्या मुलांसाठीं आश्रम चालला. मुलें वाचावयास शिकलीं, सुतारकाम व लोहारकाम शिकलीं, कित्येकांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांस माल म्हणून मोजलें होतें त्यांस तेथें नांवानें हाक मारण्यांत येऊं लागली.

डॉ. लिव्हिंग्स्टन १८६६ सालीं आफ्रिकेंत शेवटच्या प्रवासास निघाले तेव्हां नाशिकचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर होते. पुढें त्यांच्या मदतीस जी मंडळी धाडण्यांत आली तींत नाशिकचाच जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजीं चितांबोच्या गांवीं डॉ. लिव्हिंग्स्टन वारले. त्यांच्या सोबत्यांनीं त्यांचें हृदय एका झाडाखालीं पुरलें. जेकबानें प्रार्थना वाचली व झाडावर नांव कोरलें. मग सुसी, चुमा, जेकब व त्यांचे सोबती ह्यांनीं तो देह अनेक महिने चालून समुद्रकिनाऱ्यास नेला. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत दफनविधि झाला तेव्हां पेटी धरणाऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता.

त्याच १८७३ सालीं, जून महिन्यांत, झांझिबारच्या सुलतानानें आपल्या शहरांतील दासांचा बाजार बंद केला. त्यासाठीं मुंबईचे पूर्वीचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांनीं प्रथम बोलणीं केलीं होतीं. बाजाराच्या जागीं प्रार्थनामंदिर बांधण्यांत आलें. लवकरच मोंबासाजवळ मुक्त दासांसाठीं फ्रिअरटाउन वसविण्यांत आलें, आणि तेथें शिक्षक, कारागीर व उपदेशक म्हणून नाशिकचे आफ्रिकन ख्रिस्ती गेले. सुटलेला मनुष्य दुसऱ्यास सोडविण्यास गेला. मुक्तीचें काम पूर्ण झालें कीं नाहीं हें ओळखण्याची ह्याहून चांगली खूण आम्हांस ठाऊक नाहीं.

४. नवा व्यापार कसा चालतो

आतां आजच्या काळाकडे येऊं. संयुक्त राष्ट्रांनीं २००० सालीं केलेल्या करारांत, ज्यास भारतानें २०११ सालीं मान्यता दिली, माणसांच्या व्यापाराची व्याख्या आहे. तिचे तीन भाग आहेत : कृत्य, साधन व हेतु. मनुष्यास जमविणें, नेणें, ठेवून घेणें किंवा स्वाधीन करणें हें कृत्य. बळजबरी, फसवणूक, अडचणीचा फायदा किंवा पालकास पैसे देणें हें साधन. त्याचे श्रम किंवा देह लुबाडणें हा हेतु. हीं साधनें वापरलीं असतील तर ‘तो स्वतः राजी होता’ ही सबब चालत नाहीं. आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतींत साधन सिद्ध करण्याचीही गरज नाहीं. कृत्य व हेतु पुरे आहेत.

परंतु जो कोणी गांव सोडून पोट भरण्यास जातो तो विकलाच गेला, असें मात्र समजूं नये. प्रवास पाप नाहीं, आणि मुलींस घरांत कोंडून ठेवणें हा उपाय नाहीं. परत येतां येतें काय, मजुरी हातीं पडते काय, कागद कोणाजवळ आहेत, हें पाहावें.

ह्या व्यापाराचीं रूपें अनेक आहेत. २०१५ सालीं इंडोनेशियाच्या बेंजिना बेटांत पिंजऱ्यांत कोंडलेले व मासेमारीच्या बोटींवर वर्षानुवर्षें राबविलेले लोक वार्ताहरांनीं शोधून काढले. त्या लेखांमुळें २,००० हून अधिक जण सुटले. अलीकडे ब्रह्मदेशाच्या व कंबोडियाच्या सरहद्दींवर मोठाल्या बंदिस्त इमारती उभ्या राहिल्या आहेत. संगणकावरची चांगली नोकरी म्हणून शिकलेल्या तरुणांस तेथें बोलावितात, पासपोर्ट काढून घेतात, आणि दूरध्वनीवरून व इंटरनेटवरून लोकांस ठकविण्याचें काम मारून-मुटकून करवितात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानें २०२३ सालीं अशा माणसांची संख्या ब्रह्मदेशांत निदान १ लक्ष २० हजार व कंबोडियांत सुमारें १ लक्ष असावी असें सांगितलें. मार्च २०२५ मध्यें भारत सरकारनें विमानें धाडून पांचशेंहून अधिक आपले लोक थायलंडमार्गें परत आणले. म्हणजे निरक्षर तेवढा फसतो, ही समजूतही आतां टिकत नाहीं.

तरीही गरिबी व भूक हाच ह्या व्यापाऱ्याचा मुख्य हंगाम होय. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या तेव्हां अनाथ मुली व तरुण विधवा ह्यांच्या शोधांत दुष्ट लोक हिंडत आहेत हें त्यांनीं पाहिलें, आणि शेकडों मुलींस केडगांवास आणून आश्रय दिला. आज दुष्काळाचें रूप पालटलें आहे, पण वाट तीच आहे. २०२२ सालीं नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरी तालुक्यांतून कातकरी कुटुंबांचीं लहान मुलें मेंढ्या राखण्यासाठीं त्या वेळच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत दिलीं गेल्याचें उघड झालें. आईबापांस थोडी रक्कम व एखादी मेंढी मिळाली होती. त्यांतील एक मुलगी मरण पावली, तेव्हां जगास हें कळलें. आमोसानें जोड्याची किंमत सांगितली. आमच्या काळीं मेंढी झाली. ज्या नाशिकांत समुद्रापलीकडच्या मुलांस शरण मिळालें, त्याच जिल्ह्यांत हें घडलें, ह्याची आम्हांस लाज वाटते.

५. उचल आणि तिचा हिशेब

आमच्या वाचकांच्या घराशीं सर्वांत जवळचें दास्य म्हणजे कर्जाचें. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो. किंवा लग्न, आजारपण येतें. मुकादम येतो आणि उचल देतो. ऊसतोडीस जोडपें जातें, त्यास ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसें मिळून हिशेबांत एक हत्यार! वीटभट्टीवर सबंध कुटुंब जातें. उचल घेणें हें स्वतः दास्य नव्हे. पुष्कळ मजूर ती घेतात, फेडतात व मोकळे होतात. पण ती दास्य कशी बनते हें एका उदाहरणानें पाहूं.

समजा, एका कुटुंबानें वीटभट्टीवर जाण्यापूर्वीं ६०,००० रुपये उचल घेतली. २६ आठवडे काम झालें, आणि मालकाच्या वहींत त्यांच्या विटांचे ७५,००० रुपये जमा झाले. दर आठवड्यास पोटासाठीं १,२०० रुपये खर्ची मिळे; तिचे ३१,२०० झाले. आजारपणाचे खाडे म्हणून ६,००० कापले. उरले ३७,८००. उचल ६०,००० होती; म्हणून २२,२०० रुपये ‘अंगावर’ राहिले. आतां पुढल्या वर्षीं ह्याच भट्टीवर येणें भाग. दुसरीकडे जास्त दर असला तरी जातां येत नाहीं. मध्येंच घरीं मयत झालें तर एक जण जातो, बाकीचे ओलीस राहतात. मुलांनीं पाडलेल्या विटा बापाच्या नांवावर. मुलांच्या नांवावर कांहीं नाहीं. वही मालकाची, लेखणी मालकाची, आणि आंगठा मजुराचा.

येथें बेडी दिसत नाहीं. मजुराच्या मनांतील प्रामाणिकपणा हीच बेडी होते. ‘घेतलें आहे, तर फेडलें पाहिजे,’ असें तो म्हणतो. हा सद्गुण आहे. पण त्याचाच दोर करून त्यास बांधलें जातें. म्हणून ह्या बाबतींत कायदा काय म्हणतो हें उपदेशकांनीं नीट समजून घ्यावें.

६. कायदा काय सांगतो

भारताच्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें माणसांचा व्यापार व वेठ मना केली आहे. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ सालीं झाला. त्यांतील मुद्दे असे :

पहिला. उचलीच्या किंवा कर्जाच्या मोबदल्यांत ज्या मनुष्यास दुसरें काम धरण्याची, कोठेंही जाण्या-येण्याची, किंवा आपला माल व श्रम बाजारभावानें विकण्याची मोकळीक राहत नाहीं, तो वेठबिगार होय.

दुसरा. असा मनुष्य कायद्यानें मुक्त आहे आणि त्याचें तें कर्ज नाहींसें झालें आहे. धनकोस भरपाई द्यावी असें त्यांत म्हटलेलें नाहीं. १८३३ सालीं लंडनच्या पार्लमेंटानें धन्यांस पैसे दिले. १९७६ सालीं दिल्लीच्या पार्लमेंटानें कर्जच पुसून टाकलें. ह्या एका बाबतींत आपला कायदा अधिक न्यायी आहे असें आम्ही निःसंकोच म्हणतों.

तिसरा. वेठीस धरणाऱ्यास, व पुसलेलें कर्ज वसूल करणाऱ्यासही, तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. हें कर्ज वेठीचें नव्हे असें दाखविण्याचा भार धनकोवर आहे, मजुरावर नाहीं.

चौथा. जिल्हाधिकारी ह्यांवर ह्या कायद्याच्या अंमलाची जबाबदारी आहे, आणि जिल्ह्यांत व उपविभागांत दक्षता समित्या असाव्या असें ठरलें आहे. सुटलेल्या मजुरास मुक्ततेचा दाखला मिळतो. २०१६ च्या केंद्रीय योजनेंत पुरुषास १ लक्ष, स्त्रिया व मुलें ह्यांस २ लक्ष, व अति कठोर छळ झालेल्यांस ३ लक्ष रुपये साहाय्य ठरविण्यांत आलें.

सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं असा निर्णय दिला कीं किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करविणें हीही २३ व्या कलमाप्रमाणें वेठच होय. कारण भुकेची जबरी ही जबरीच आहे. म्हणून वरील हिशेबांत प्रथम हें विचारावें कीं ७५,००० हा आंकडा कोठून आला ? कुटुंबांतील मोठ्या माणसांच्या सहा महिन्यांच्या श्रमांचें किमान वेतन धरलें तर कोणाचें कोणाकडे देणें निघतें ? १९८३ सालीं त्याच न्यायालयानें म्हटलें कीं मजुराकडून जबरीनें काम घेतलें जात आहे असें दिसलें म्हणजे तें उचलीपायींच आहे असें गृहीत धरावें. माणसांचा व्यापार करणाऱ्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमानें निदान सात वर्षें, आणि मूल विकलें असल्यास निदान दहा वर्षें सक्तमजुरी आहे.

७. मंडळीनें काय करावें

(अ) जाण्यापूर्वीं. कामासाठीं बाहेर निघालेल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद एका वहींत ठेवावी : कोण गेलें, कोठें, कोणाबरोबर, उचल किती, दर काय ठरला, कोणत्या दूरध्वनीवर बोलावें. आधार कार्ड कोणाच्या हातीं देऊं नये. नक्कल घरीं ठेवावी. परदेशीं जाणाऱ्यानें दलालास सरकारी परवाना आहे काय हें पाहावें, आणि पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीस जाऊं नये.

(आ) गेल्यावर. पंधरा दिवसांनीं एकदां विचारपूस करावी. बोलणें बंद झालें, किंवा बोलतांना दुसरा कोणी जवळ उभा आहे असें वाटलें, तर विलंब करूं नये. मुलाच्या बाबतींत १०९८, तातडीच्या प्रसंगीं ११२, आणि फुकट कायदेशीर सल्ल्यासाठीं १५१०० ह्या क्रमांकांवर कळवितां येतें. वेठीची तक्रार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदार ह्यांच्याकडे लेखी द्यावी व पोंच घ्यावी. मजूर अनुसूचित जातींचा किंवा जमातींचा असल्यास १९८९ चा अत्याचारप्रतिबंधक कायदाही लागू पडतो. एकट्या उपदेशकानें भट्टीवर जाऊन भांडण करूं नये. त्याचा सूड मजुरावर उगवला जातो.

(इ) पैसे भरून सोडवूं नये. आमच्या कित्येक मंडळ्यांत दयेनें वर्गणी गोळा करून मुकादमाचें देणें देण्याची इच्छा होते. इच्छा चांगली आहे; कृत्य चुकीचें आहे. जें कर्ज कायद्यानें पुसलें तें भरल्यानें खोट्या वहीस आपण खरें ठरवितों, आणि मुकादम त्याच पैशांतून दुसऱ्या घरीं उचल देतो. तीच वर्गणी सुटलेल्या कुटुंबाच्या पहिल्या दोन महिन्यांच्या धान्यासाठीं, मुलांच्या शाळेसाठीं व कचेरीच्या खेपांसाठीं ठेवावी. पावसाळ्याच्या आरंभीं जी मंडळी धान्याची पेढी किंवा बचतगट चालवील, तिच्या दारीं मुकादमास काम उरणार नाहीं.

(ई) परत आलेल्यांस घरांत घ्यावें. फसून वाईट धंद्यास लावलेली मुलगी सुटून आली म्हणजे गांवचीं तोंडें सुटतात. पुष्कळ मुली ह्याच भीतीनें परत येत नाहींत, आणि दलाल त्यांस हीच भीति घालून ठेवतो. ज्या मंडळींत अशा मुलीस चौकशीवांचून जागा मिळत नाहीं, ती मंडळी नकळत दलालाचें कुलूप सांभाळीत आहे. पौलानें फिलेमोनास लिहिलें कीं ओनेसिमास दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधु म्हणून घे. त्याहून सोपी शिकवण कोणती ?

(उ) आपलें घर तपासावें. शहरांत नोकरीस लागलेले आपलेच लोक ‘शिकवितों’ म्हणून गांवची लहान मुलगी नेतात, आणि ती भांडीं घासते. चौदा वर्षांखालील मुलास असें कामास ठेवणें गुन्हा आहे. तिची शाळा कोणती, ती कोठें निजते, आईशीं केव्हां बोलते, हें पाळकानें भेटीच्या वेळीं विचारावें. विचारण्यास संकोच वाटला तरी विचारावेंच.

विल्बरफोर्स ह्यांच्या पहिल्या ठरावापासून व्यापार बंद होईपर्यंत पुष्कळ वर्षें लागलीं. आमच्या वाचकांपैकीं कोणी पार्लमेंटांत बसत नाहीं. पण वही, पेन्सिल आणि वेळेवर विचारलेला प्रश्न हीं प्रत्येक उपदेशकाजवळ आहेत. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरूं लागतात. त्यापूर्वींच नोंदवहीचें पहिलें पान लिहून व्हावें.

विचारासाठीं प्रश्न

१. योसेफाच्या विक्रींतील चार गोष्टी कोणत्या ? त्यांपैकीं कोणती आपल्या गांवांत घडलेली आपण पाहिली आहे ?
२. १८३३ चा ब्रिटिश कायदा व १९७६ चा भारतीय कायदा ह्यांत धन्याच्या बाबतींत काय फरक आहे ?
३. उचल केव्हां साधें कर्ज असते व केव्हां वेठ होते ? तीन खुणा सांगा.
४. पैसे भरून मजुरास सोडविणें चुकीचें कां ?
५. ह्या वर्षीं आपल्या मंडळींतून कोण कोण बाहेर कामास जाणार आहे ? त्यांचीं नांवें वर्ग संपण्यापूर्वीं लिहून काढा.